थॉरला आठ, म्हसोबाला पाच

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या सोसायटीच्या आवारात मुलांनी किल्ला केला होता. पुण्यात दिवाळी आली की मुलांचे हात मातीत जातातच. वाडे गेले, सोसायट्या आल्या, पण माती कालवून, तीवर अळीव पेरून डोंगर हिरवा करण्याची हौस काही गेली नाही. किल्ला झकास साधला होता. बुरूज होते, तटबंदी होती, पायथ्याशी तळे होते, वर सिंहासनावर महाराज विराजमान होते. आणि महादरवाजात, जिथे मावळे पहाऱ्यास असावयाचे तिथे, पाठीवर तांबडा झगा टाकून, हातात भला थोरला हातोडा घेऊन, एक पिवळ्या केसांचा धिप्पाड गडी उभा होता.

“हा कोण रे?” एका आजोबांनी विचारले.

“आजोबा, हा थॉर! गडगडाटाचा देव. हा दारात असला ना, की शत्रू आत येऊच शकत नाही.”

आजोबांचा पारा चढला. महाराजांच्या गडावर हा परदेशी किल्लेदार कोणी नेमला, असा त्यांचा सवाल होता. मुले रडकुंडीस आली. तेव्हा मी मध्ये पडलो. म्हटले, “आजोबा, महाराजांच्या पदरी नाना जातींची माणसे होती. एक नॉर्वेचा असू द्या की!” सगळे हसले. थॉर पहाऱ्यावर कायम झाला आणि मी स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन फराळाला घरी गेलो.

ही खुशी पंधरा दिवसही टिकली नाही.

सुटी संपली, शाळा भरली आणि सातवीच्या वर्गाला मी निबंध घातला: ‘माझे आवडते दैवत’. वह्यांचा गठ्ठा घरी आणून तपासावयास बसलो. गणपतींची तर रांगच लागली होती. मारुती होते, विठोबा होते, स्वामी समर्थ आणि साईबाबाही होते. या गर्दीत दोन निबंध निराळे निघाले. एका मुलाने थॉरवर लिहिले होते. त्याचा हातोडा, त्याचा बाप ओडिन, त्याचा लबाड सोबती लोकी, सारे चटपटीत भाषेत उतरले होते. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले आणि खाली लिहिले: ‘कल्पकता चांगली. अवांतर वाचन असेच चालू ठेव.’

दुसरा निबंध एका मुलीचा. बाप एका सोसायटीत रखवालदार, मूळचे घर पुरंदर तालुक्यातल्या धनगरांचे. तिने म्हसोबावर लिहिले होते. आमच्या बांधावरचा म्हसोबा लहान आणि वीरचा म्हस्कोबा मोठा, असा तिने प्रारंभीच खुलासा केला होता. मग लिहिले होते की माघी पौर्णिमेला वीरला देवाचे लग्न लागते, नवरीचे नाव जोगूबाई. देव पूर्वी फार लांब, सोनारीला होता. एक धनगर दर वर्षी पायी त्याच्या दर्शनाला जाई. तो म्हातारा झाला, चालवेना. तेव्हा देव म्हणाला, आता तू येऊ नकोस, मीच येतो. आणि देव त्याच्यामागून चालत आला. शेवटचे वाक्य असे होते की आजी म्हणते, म्हसोबा रागीट आहे, पण शेत सोडून कुठे जात नाही.

शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच होत्या. मी तिला पाच गुण दिले आणि तांबड्या शाईने शेरा मारला: ‘शुद्धलेखन सुधारावे. अंधश्रद्धा टाळावी.’

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत ती मुलगी वही घेऊन टेबलाशी उभी राहिली.

“सर, थॉर खरा आहे का?”

“नाही गं. ती गोष्ट आहे.”

“मग म्हसोबाचीपण गोष्टच आहे ना? मग मला अंधश्रद्धा का लिहिलं?”

घंटा झाली म्हणून मी सुटलो. वीस वर्षे मी खडू झिजवीत आहे, पण इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर मजपाशी नव्हते. आज एक वर्षाने ते देण्याचा प्रयत्न करतो आहे. आणि ते देताना काही सभ्य माणसांच्या पायावर पाय पडणार असेल, तर पहिला पाय माझाच आहे, हे आधी सांगून ठेवतो.

प्रथम थॉरविषयी. वाचकहो, मी थॉरचा वैरी नाही. उलट त्या प्रश्नानंतर मी नॉर्स लोकांच्या, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड इथल्या जुन्या लोकांच्या, देवकथा मुद्दाम मिळवून वाचल्या आणि त्यांच्या प्रेमात पडलो. सिनेमातला थॉर हा व्यायामशाळेतून नुकताच बाहेर आलेला राजपुत्र आहे. मूळचा थॉर फार मौजेचा. त्याच्या रथाला दोन बोकड जुंपलेले. रात्री मुक्कामाला ते बोकड कापून खावयाचे आणि हाडे न मोडता कातड्यावर ठेवावयाची. सकाळी हातोडा फिरवला की बोकड पुन्हा उभे! एका शेतकऱ्याच्या पोराने मगज खाण्याच्या लोभाने एक हाड फोडले आणि सकाळी बोकड लंगडा उठला. त्या चुकीपायी पोराला थॉरची चाकरी धरावी लागली. एकदा त्याचा हातोडाच एका राक्षसाने पळवला आणि बदल्यात फ्रेया देवी बायको म्हणून मागितली. तेव्हा या दाढीवाल्या देवाला नवरीचा शालू नेसवून बोहल्यावर पाठवले! नवरीने एक अख्खा बैल आणि आठ मासे फस्त केलेले पाहून राक्षस चपापला; पण हातोडा हाती येताच नवरीने साऱ्या वऱ्हाडाचा चेंदामेंदा केला. नृत्यशाळेत सैरंध्रीच्या जागी जाऊन निजलेला आपला भीम कोणाला आठवणार नाही? त्यांच्या विश्वाच्या मधोमध एक अवाढव्य वृक्ष आहे. त्याच्या शेंड्यावर गरुड, मुळाशी नाग आणि या दोघांच्या शिव्या एकमेकांस पोचवीत खोडावरून वरखाली धावणारी एक खार. ही खार पुण्याच्या कोणत्याही वाड्यात सुखाने नांदली असती.

या कथा आपल्यापर्यंत आल्या कशा, हे मात्र नीट ऐकण्यासारखे आहे. आइसलँड बेटाने इसवी सन 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म पत्करला. जुने देव गेले, त्यांची पूजा गेली. त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1220 च्या सुमारास, स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या गृहस्थाने त्या कथा लिहून काढल्या. हा स्नोरी चांगला ख्रिस्ती माणूस. थॉरला नवस करणारा नव्हे. तरी त्याने आपल्या तरुण कवींना बजावले की, आपण ख्रिस्ती लोकांनी या देवांवर विश्वास ठेवू नये हे खरे. पण म्हणून या कथा विसरूही नयेत, कारण जुनी कविता त्यांवाचून कळणार नाही. मानू नका, पण विसरूही नका! हे एका माणसाने आठशे वर्षांपूर्वी सांगितले, म्हणून आज पुण्यातल्या किल्ल्यावर थॉर पहारा देतो आहे. त्याच देवांच्या जुन्या कवितांची एक हस्तलिखित पोथी डेन्मार्कच्या राजाकडे गेली होती. ती 1971 साली बोटीने आइसलँडला परत आली, तेव्हा तिच्या स्वागताला बंदरावर हजारो माणसे लोटली होती. देवळात त्या देवांना एक फूल वाहणारा कोणी नसेल, पण पोथीसाठी गाव लोटले!

आपले नेमके उलटे चालले आहे. आपण देवाला हात जोडतो आणि त्याची गोष्ट विसरतो.

पुण्याचेच पाहा. या शहराएवढ्या गमतीदार नावांचे देव दुसऱ्या कोणत्या शहरात असतील, असे मला वाटत नाही. पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर! त्यांतल्या एकेका नावात गोष्ट आहे. मुरलीधराच्या प्रतिष्ठापनेच्या वेळी रक्तपात झाला, तो डाग नावावर कायमचा बसला. पासोड्यांचा बाजार उठला, पण विठोबाच्या नावात तो अजून भरतो. मी माझ्या वर्गाला ही नावे विचारली. नावे सगळ्यांना ठाऊक होती, कारण ती बसच्या प्रवासात आणि पत्त्यात येतात. गोष्ट एकालाही ठाऊक नव्हती.

आणि गुरुवार पेठेची तर मोठीच गंमत आहे. या पेठेचे जुने नाव वेताळ पेठ. तिथे वेताळाचे देऊळ, त्यावरून पेठ वेताळाची. पुढे वेताळाचे नाव गेले आणि पेठ गुरुवारची झाली. आता इंग्रजीत गुरुवारचे नाव काय? थर्सडे; म्हणजे थॉरचा वार! रोमन लोकांच्या ज्युपिटरचा, म्हणजे आपल्या गुरूचा, वार उत्तरेकडच्यांनी आपल्या थॉरला देऊन टाकला. त्याच न्यायाने बुधवार ओडिनचा. तिकडच्या लोकांचा धर्म बदलला, भाषा बदलल्या, तरी त्यांनी आपल्या जुन्या देवांना आठवड्यातून हुसकून लावले नाही. आणि आम्ही मात्र वेताळ पेठेतला वेताळ उठवून त्याची जागा नकळत थॉरच्या वाराला बहाल केली. शहाण्यांचे शहर म्हणतात ते हेच!

वेताळ म्हटला की चांगल्या घरची माणसे कानाला हात लावतात. पण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आरवलीस जाऊन पाहा. तिथला वेतोबा रात्री गावाची गस्त घालतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. ही कल्पना किती सुंदर आहे! देव निजतो आहे, पलंगावर लोळतो आहे, असे नव्हे. देव गावासाठी पायपीट करतो आहे आणि त्याच्या पायताणाची काळजी गावाने वाहावयाची आहे. आता योगायोग ऐका. ओडिनचा एक पुत्र विदार. जगाचा अंत होईल त्या दिवशी फेनरीर नावाचा प्रचंड लांडगा ओडिनला गिळणार आणि विदार त्या लांडग्याच्या खालच्या जबड्यावर पाय देऊन त्याला फाडणार. त्या पायात जाड बूट हवा. तो कशाचा बनतो? लोक आपले जोडे शिवताना चवड्याच्या आणि टाचेच्या जागचे जे चामड्याचे तुकडे कापून टाकतात, त्या तुकड्यांचा! म्हणून देवांना मदत करावीशी वाटणाऱ्याने ते तुकडे टाकून द्यावेत, असे स्नोरी सांगतो. हजारो कोसांवरच्या दोन माणसांना एकच सुचले: देवाच्या पायातले पायताण आपण पुरवावयाचे. विदारचा बूट इंग्रजी पुस्तकांतून जगभर गेला. वेतोबाच्या वहाणा आरवलीच्या देवळाबाहेर फारशा गेल्या नाहीत.

असे का झाले? माझ्या मते दोषी तिघे आहेत आणि तिघेही सज्जन आहेत.

पहिला दोषी सुधारक, म्हणजे मी. माझ्यासारखी माणसे शाळेत विज्ञान शिकवतात, करणी-भानामतीविरुद्ध बोलतात आणि ते योग्यच करतात. नरेंद्र दाभोलकरांचा याच शहरात 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरावयास गेले असता खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्याच्या बाजूने मी कालही होतो, आजही आहे. पण भोंदू मांत्रिक हाकलताना गोष्टीही घराबाहेर काढल्या पाहिजेत, हे आम्हाला कोणी सांगितले? आणि आमचा हा कडकपणा एकतर्फी आहे. परक्या देवाची गोष्ट ती ‘मिथककथा’. घरच्या देवाची गोष्ट ती ‘अंधश्रद्धा’. त्यातही घरच्या सगळ्या देवांना हा शेरा मिळत नाही. गणपतीवर लिहिणाऱ्यांच्या एकाही वहीत मी तो मारला नव्हता. मग म्हसोबाच कसा सापडला? हा प्रश्न मी मलाच विचारला, आणि उत्तर काही अभिमानाचे आले नाही. ज्या देवाला पोथी आहे, आरती आहे, शिकलेला पुजारी आहे, तो देव संस्कृती. ज्याला नुसता शेंदूर आणि शेताचा बांध आहे, तो अडाणीपणा. माझी तांबडी शाई देव पाहत नव्हती. देवामागची माणसे पाहत होती.

जोतीराव फुल्यांनी हे 1873 सालीच ओळखले होते. ‘गुलामगिरी’त त्यांनी म्हसोबाचा अर्थ महासुभा असा लावला, बळीराजाच्या राज्यातला हा शेतीभातीचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी, असे म्हटले. उलट दामोदर कोसंबी म्हसोबात महिषासुर पाहत. देवीच्या देवळात जो तिच्या पायाखाली चिरडलेला, तोच बांधावर शेंदूर लावून बसलेला! यांतली कोणती व्युत्पत्ती खरी, ते पंडितांनी ठरवावे. पण एक गोष्ट दोघांनाही दिसली: हा दगड मुका नाही. जिंकलेल्यांच्या पोथीत न मावलेला इतिहास त्याच्यापाशी आहे. कोसंबी पुण्याच्या टेकड्या आणि आसपासची खेडी पायी हिंडून असले दगड पाहत फिरत. आम्ही त्याच टेकड्यांवर सकाळी फिरावयास जातो आणि पावले मोजून परत येतो.

दुसरा दोषी भाविक. तो म्हणेल, आम्ही तर देवाला सोडले नाही! नाही कसे? रस्त्याकडेच्या म्हसोबाला तुम्ही संगमरवरी फरशी घातलीत, वर शिखर चढवलेत, त्याच्या तांदळ्यावर सौम्य चेहऱ्याचा चांदीचा मुखवटा बसवलात, कर्णा लावलात आणि तो शंकराचाच अवतार असल्याची पाटी लिहिलीत. धाकट्या देवाला मोठ्या देवाच्या घरी दत्तक दिलेत! दत्तक गेल्यावर आधीचे गोत्र पुसले जाते, तशी त्याची गोष्ट पुसली गेली. तो रागीट होता, बांध सोडत नव्हता, हे कोणी सांगेनासे झाले. या पुसण्याची किंमत केवळ गोष्टीतच मोजावी लागते असेही नाही. सह्याद्रीत गावोगाव देवराया होत्या. देवाच्या धाकाने तिथे कोणी काठी तोडत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत त्या हिंडून अभ्यासल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींवर कुऱ्हाड पडत चालली होती. पुढे पुढे तर देवाला पक्के देऊळ हवे म्हणून देवाचेच रान विकावे, असेही गावांतून झाले. रानातला देव देवळात आला आणि रान उघडे पडले.

तिसरे दोषी आपण पालक. आपल्याला या देवांची लाज वाटते. मुलाने विचारले, आपले कुलदैवत कोणते, तर आपण खंडोबापर्यंत येतो आणि थांबतो. खंडोबाच्या दोन बायका, एक वाण्याची म्हाळसा आणि दुसरी धनगराची बाणाई, त्यांची भांडणे, त्याचा घोडा, त्याची कुत्री, त्याने मारलेल्या मणी दैत्याला मरताना मिळालेला वर आणि त्याचीही होत असलेली पूजा, हे सगळे जेजुरीच्या वाटेवर मोटारीत सांगावयाचे असते. आपण तिथे मुलाच्या हाती मोबाइल देतो. मग 2024 साली हिंदी सिनेमावाल्यांनी आपला मुंजा पडद्यावर आणला, तेव्हा त्याची ओळख मुलांना तिकीट काढून झाली. पिंपळ आपल्या गल्लीत आणि मुंजा चित्रपटगृहात!

आता एक कळीचा आक्षेप. कोणी म्हणेल, मास्तर, देवांचे ठीक. पण भुतांचे काय? हडळ, जखीण, मुंजा, समंध यांच्या गोष्टी सांगून मुलांना भेकड करावयाचे आहे का?

मी म्हणतो, भुतांचेच आधी सांगा. पण पुरे सांगा. हडळ किंवा अळवंतीण म्हणजे कोण? गरोदरपणी नाही तर बाळंतपणात मेलेली बाई. जखीण म्हणजे नवऱ्यामागे नव्हे, नवऱ्याआधी मेलेली, संसारात जीव अडकलेली सवाष्ण. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला कोवळा मुलगा. वीर म्हणजे लढाईत पडलेला. ब्रह्मसमंध म्हणजे धनावर जीव ठेवून गेलेला ब्राह्मण. ही यादी नीट वाचा. ही भुतांची यादी नव्हे. अकाली मेलेल्या माणसांची ती नोंदवही आहे. ज्या काळी जन्ममृत्यूचे दप्तर नव्हते, त्या काळी गावाने हे दप्तर पिंपळावर आणि विहिरीवर लिहून ठेवले. नॉर्स लोकांत लढाईत पडलेला वीर ओडिनच्या दिवाणखान्यात मेजवानी झोडतो आणि म्हातारपणाने, रोगाने मेलेला हेलच्या थंड घरी जातो. त्यांच्या परलोकाच्या वहीत तलवारीचा हिशेब आहे. आमच्या वहीत पाने भरली आहेत ती बायकांनी. किती बाळंतिणी मेल्या असतील, म्हणजे एका समाजाला त्यांच्यासाठी निराळे भूत कल्पावे लागले? आणि ज्या बाईला जिवंतपणी सुईण मिळाली नाही, तिलाच मेल्यावर गाव भ्यावे, तिच्या वाटेवर मोहरी टाकावी, हा केवढा उफराटा न्याय! ही गोष्ट मुलाला अशी सांगितलीत, तर तो हडळीला भिणार नाही. त्याला तिची कणव येईल. कदाचित आजीच्या आजीचे नावही तो विचारील.

म्हणून मी ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्यांपैकी नव्हे. खंडोबाला मुली सोडून त्यांना मुरळी करीत, ती प्रथा कायद्याने बंद झाली हे उत्तम झाले. पोतराजाने स्वतःच्या अंगावर आसूड ओढून पोट भरावे, हे कोणाही माणसाला पाहवू नये. आपल्या देवांची गोष्ट म्हणजे आपल्या बढाईचे निशाण नव्हे, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत नाझींनी उत्तरेकडची जुनी चिन्हे आणि अक्षरे आपल्या गणवेशावर चढवली आणि त्या निशाणाखाली काय केले, ते जगाला ठाऊक आहे. त्याला थॉरचा इलाज नव्हता. देव गोष्टीत राहिला की माणसाला शहाणे करतो. मिरवणुकीत बसला की दुसऱ्याच्या दारावर जाऊन आदळतो.

शेवटी माझ्या बिरादरीविषयी. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन 1909 च्या डिसेंबरात विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीने पडला, हे आपण शाळेत शिकतो. याच जॅक्सनला लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. त्याने प्रश्नांच्या याद्या गावोगाव धाडल्या होत्या. त्यांची उत्तरे पुढे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने छापली. ती पुस्तके उघडून पाहा. वेताळ, मुंजा, झोटिंग, साती आसरा, सगळे आहेत. आणि पानापानाखाली तळटीप आहे: शाळामास्तर, अमुक गाव. शाळामास्तर, तमुक गाव. बहुतेकांचे नावदेखील नाही. शंभर वर्षांपूर्वी या कोकणातल्या पंतोजींनी वहाणा झिजवून, म्हाताऱ्यांना विचारून, दिव्याच्या उजेडात ही उत्तरे लिहिली. साहेबाने विचारले म्हणून लिहिली हे खरे; पण लिहिली! पुढे गुंथर सोंथायमर नावाचे जर्मन पंडित, हायडेलबर्गचे, पुणे-पुरंदरच्या धनगरांबरोबर वर्षानुवर्षे हिंडले आणि बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या त्यांनी टिपून घेतल्या. याच शहरात रा. चिं. ढेरे यांनी सारे आयुष्य लोकदैवतांच्या पायी घातले. ओडिनच्या देशातला माणूस म्हस्कोबाच्या वारीला येतो आणि पुण्याचा मास्तर म्हस्कोबाच्या निबंधाला पाच गुण देतो! त्या निनावी पंतोजींपुढे मी कोणत्या तोंडाने उभा राहू?

तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे, की तिचे बरोबर होते आणि माझे चूक. एक तर दोघांनाही अंधश्रद्धा म्हणावयाचे, नाही तर दोघांनाही गोष्ट. मी दुसरे पत्करले. पुढच्या आठवड्यात तिचा निबंध मी वर्गात मोठ्याने वाचला. सोनारीहून देव म्हाताऱ्यामागे चालत आला, इथे वर्ग चिडीचूप होता. वाचून झाल्यावर थॉरवाला मुलगा उठून म्हणाला, “सर, थॉर असा कुणाच्या मागे चालत गेला नाही.” मी गुण बदलून आठ केले. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या तशाच ठेवल्या, कारण त्या खरोखरीच होत्या. अंधश्रद्धेचा शेरा खोडला आणि खाली लिहिले, ‘आजीला विचारून पुढचे लिही.’ तिने चार पाने आणखी आणली. त्यांत विहिरीवरच्या साती आसरा आहेत, त्यांना वाहिलेल्या हिरव्या बांगड्या आहेत आणि तिची एक आत्या आहे, जिचे नाव घरात कोणी घेत नाही.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात चकल्यांचा वास असेल. बलिप्रतिपदेला बायका दिवे ओवाळून बळीचे राज्य येवो म्हणतील. वामनाने पाताळात घातलेल्या राजाची आठवण आपण दर वर्षी काढतो, हारलेल्याला ओवाळतो, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. त्या दिवशी एवढेच करा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ मुलांना बसवा आणि विचारा, आपल्या गावच्या वेशीवर कोण होते? पिंपळावर कोण होते? विहिरीत कोण होते? जे सांगतील ते लिहून घ्या. मानू नका म्हटले तरी चालेल. फक्त खोडू नका.

आमच्या आवारात यंदाही किल्ला चालू आहे. थॉर महादरवाजात आहेच. त्याला काढण्याचे कारण नाही. काल मुलांनी मला विचारले, गडाच्या पायथ्याशी शेत केले आहे, तिथे पहाऱ्याला कोण ठेवावा? मी एक वाटोळा दगड उचलून दिला. आता शेंदूर कुठे मिळतो, याची चौकशी ती मुले करीत आहेत. आणि गेल्या वर्षी रागावलेले आजोबा त्यांना दुकान दाखवावयास निघाले आहेत.